शून्य ओहम

हवल्लीत, तळघरातल्या दुकानात,
जिथे उन्हाळा फक्त एसीच्या घरघरीवरून कळतो,
बीरानिक्कानं माझ्यापुढे तो कागद पसरला.
चिकटपट्टीनं जोडलेली पानं,
कोपऱ्यात चहाच्या ग्लासाचा गोल.
म्हणाला, वाच.
मी गुहागरच्या आयटीआयचा वायरमन.
घरभर तारा फिरवायचो डोळे मिटून.
हे तर मुंग्यांचं गाव होतं,
आणि प्रत्येक मुंगीला घरनंबर.

आर म्हणजे अडवणारा, सी म्हणजे साठवणारा.
क्यू म्हणजे ट्रान्झिस्टर. क्यूच का,
ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
चार आर सात लिहिलं तर मधला आर म्हणजे दशांशचिन्ह:
टिंब छपाईत पुसून जातं, अक्षर टिकतं.
आणि रेघ कागदाच्या कडेला येऊन थांबली,
बाणात चौदा लिहिलं असेल, तर ती तुटलेली नाही,
चौदाव्या पानावर पुढे चाललेली आहे.
हे मला फार दिवस खरं वाटेना.

तीन आडव्या रेघा, खाली खाली आखूड होत जाणाऱ्या: जमीन.
सगळं शेवटी तिकडेच जातं, बीरानिक्का म्हणायचा,
आणि लगेच: मीटरचं काळं टोक आधी तिथे लाव.

पहिल्याच महिन्यात एक पार्ट हरवला.
नकाशात नाव होतं, बोर्डावर दोन चकचकीत ठिपके होते,
मध्ये काहीच नाही.
दीड तास शोधला, बुटाखाली, टेबलाच्या फटीत,
चुंबक फिरवून पाहिलं,
पगारातून किती कापतील याचा हिशेब केला.
तो हसला नाही. तीन अक्षरांवर नख टेकवलं.
डीएनपी. बसवायचाच नव्हता.
जागा ठेवली, मग कंपनीचा विचार बदलला.

आणि तो शून्य ओहमचा.
जातीनं अडवणारा, अडवत काहीच नाही.
नुसता ओढ्यातला दगड, पाय ठेवून पलीकडे जायला.
हा गेला तर?
तर काय. पलीकडे अंधार.

इकामा संपला, बीरानिक्का तिरूरला गेला.
कागद मला ठेवला, समासात त्याची पेन्सिल:
मल्याळम, सगळी वेटोळी,
चकलीच्या सोऱ्यातून पडल्यासारखी.
मला एक अक्षर येत नाही.
पण जिथे शेपटीचं वेटोळं, तिथे पेप्सी सांडलेली सापडते,
जिथे जोडवेटोळं, तिथे सोल्डरला तडा.
असा मी वाचत गेलो.

आज बाहेर धूळ, दुपारी तीनला दिवे लागलेले.
शाळेच्या गणवेशातला एक मुलगा कन्सोल घेऊन आला,
टॉवेलात गुंडाळून, आजारी मांजर आणावं तसा.
पान नऊ. टेस्ट पॉइंट एकतीस.
तीन व्ही तीन हवेत: इथेही टिंबाच्या जागी अक्षर.
आहे शून्य.
अलीकडे येतंय, पलीकडे नाही. मध्ये तोच दगड.
पण त्याला खेटून मोठी चिप,
आणि चिपच्या बाजूला बीरानिक्काची सगळ्यात लांब ओळ,
खाली दोनदा रेघ मारलेली. हे वेटोळं कधी भेटलं नव्हतं.

चहावाल्या शफीरला थांबवलं.
त्यानं ट्रे खाली ठेवला, कागद दिव्याजवळ धरला,
आमच्या सगळ्यांच्या मोडक्या हिंदीत सांगितलं:
इथे माझ्याकडून एक जळली.
बू नवाफला सांगितलं नाही.

मागच्या रमझानात
याच चिपवर मी गरम हवा जास्त धरली होती,
आणि गिऱ्हाइकाला म्हटलं होतं, आलं तेच असं आलं.

शफीर म्हणाला, अजून काही?
मी म्हटलं, नको, साखर कमी घाल उद्यापासून.

हवा पन्नास अंश खाली आणली.
चिपवर पिवळी पट्टी चिकटवली.
मेलेल्या बोर्डावरून एक शून्य उचलून इथे टेकवलं,
मुलगा श्वास धरून उभा, मीही.
काळं टोक जमिनीला, लाल एकतिसाला.
तीन पूर्णांक अठ्ठावीस.
पुरे तीन व्ही तीन नाहीत.
चालतं.